दुसऱ्या अर्थावर काट

इंग्रजीत 'गिव्ह अप' नावाचे एक क्रियापद आहे. दोन लहान शब्द. एकाचा अर्थ देणे, दुसऱ्याचा वर. आणि दोघे एकत्र आले की देणेही उरत नाही आणि वरही काही उरत नाही. 'शिखर अभ्यासिके'च्या भिंतीवर त्याच्याआधी 'नेव्हर' लावून ते फूटभर उंचीच्या लाल अक्षरांत रंगवलेले होते, आणि त्या अक्षरांखाली बत्तीस मुलेमुली रोज सकाळी सातला स्पर्धा परीक्षेची पुस्तके उघडून बसत. नाशिक रोडला, दत्तमंदिर स्टॉपच्या अलीकडे, पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानाचा वरचा मजला. खाली एखादी मोटार चालू करून पाहिली की तिची घरघर फरशीतून पावलांत चढे. मालक खंडेराव सर म्हणत, "हीसुद्धा एकाग्रतेची परीक्षाच समजा."

खंडेराव सरांनी स्वतः ही परीक्षा एकदाच दिली होती. दुसऱ्याच वर्षी ती सोडून त्यांनी अभ्यासिका काढली. त्या एका निर्णयामुळे त्या इमारतीतले एकमेव यशस्वी उमेदवार तेच होते.

मी तिथे दर बुधवारी तासभर इंग्रजी शब्दसंपत्ती शिकवत असे. माझे शिक्षण मराठीतले. पण मराठी सगळ्यांना येतेच, असा सगळ्यांचा समज असल्यामुळे ते शिकवायला कोणी बोलावत नाही. जानेवारीतल्या त्या बुधवारी सरांनी फर्मावले, "मॅडम, आज बाकीचं राहू द्या. पूर्ण तास गिव्ह अप घ्या. पोरांच्या रोज डोळ्यांसमोर आहे, पण आत उतरत नाहीये."

म्हणून मी शब्दकोशातून अर्थ काढून एक पान टंकून आणले. वाईट सवय सोडणे, हा पहिला. करत असलेला प्रयत्न थांबवणे, नाद सोडणे, हा दुसरा. मग गुन्हेगाराने पोलिसांच्या स्वाधीन होणे, बसमध्ये एखाद्याला आपली जागा देणे, आणि शेवटी, एखाद्या माणसाविषयीची आशा सोडणे. प्रत्येकाखाली दोन-दोन वाक्ये.

झीशान पहिल्या रांगेत बसत असे. देवळाली गावातला, जिभेला धार, परीक्षेचे तिसरे वर्ष. त्याने आपल्या हातातली प्रत वाचून हात वर केला.

"मॅडम, म्हणजे बघा. तंबाखू सोडली तर शाबास. चोर स्वतःहून पोलिसांकडे गेला तर शाबास. म्हातारीला सीट दिली तर शाबास. फक्त परीक्षा सोडली की तोंड काळं. एकाच शब्दाला हा भेदभाव का?"

"शब्दाला भेदभाव कळत नाही," मी म्हणाले. "शाबासकी माणसं ठरवतात."

दारात खंडेराव सर उभे होते, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. ते शांतपणे पुढे आले, माझ्या हातातले पान घेतले, खिशातले हिरवे पेन काढले आणि दुसऱ्या अर्थावर आडवी काट मारली.

"हा उडवा, मॅडम."

"सर, मुख्य अर्थ तोच आहे."

"शब्दकोशात असेल. अभ्यासिकेत नको. मुलं लहान आहेत."

त्यांतले सर्वांत लहान मूल चोवीस वर्षांचे होते.

सर्वांत मोठा योगेश. चांदवडजवळच्या एका खेड्यातून आलेला, बत्तिशी ओलांडलेला, सात वर्षे चौदा नंबरच्या खुर्चीवर. कपालेश्वराच्या देवळात महादेवासमोर नंदी नाही, ही आमच्या नाशिकची ख्याती. आमच्या अभ्यासिकेत महादेव कोण ते अजून ठरायचे होते, पण नंदी होता. नवीन प्रवेश घ्यायला पालक आले की सर त्यांना हलक्या पावलांनी त्याच्या पाठीमागे आणून उभे करत आणि कुजबुजत, "सात वर्षं. एक दिवस खाडा नाही." पालक हात जोडायचे तेवढे बाकी ठेवत. योगेश मान वर करत नसे. त्याच्या मानेला आपण पाहिले जात असल्याची सवय झाली होती.

त्या जागेची एक रीत होती. तिथून कोणी सोडून जात नसे; माणसे विरळ होत. आधी पाण्याची बाटली जाई, मग खुर्चीवरची उशी, मग एखाद्या सोमवारी माणूस. विचारले तर उत्तर ठरलेले: "घरून करतोय." चार वर्षांपूर्वी घरून करायला गेलेली एक मुलगी मला हल्ली जेलरोडला मुलांना शाळेच्या रिक्षात बसवताना दिसते. तिची तयारी अद्याप घरून चालू आहे. हा शब्दप्रयोग इतका मऊ होता, की त्यावर डोके ठेवून माणूस उरलेले आयुष्य काढू शकत होता.

तास संपल्यावर योगेश जिन्यात माझ्यासाठी थांबला.

"मॅडम, एक वाक्य करून द्याल?"

"कसलं?"

"गिव्ह अपचं. सरांनी खोडलं त्या अर्थाचं. पण असं, की वाचणाऱ्याला माणूस हरला असं वाटू नये."

मी जिन्यात उभी राहून तीन वाक्ये जुळवली. तिन्ही निधनवार्तेसारखी वाटत होती.

"राहू द्या," तो हसून म्हणाला. "मराठीतच सांगतो. मी सोडतोय. वणीला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला लागतोय."

डिसेंबरात तो पंधरा दिवस चुलतभावाच्या बदली तिथे गेला होता, हे त्याने मग सांगितले. सांगताना त्याचा आवाज बदलला. "घड हातात घ्यायचा. खराब मणी कात्रीनं काढायचे. वजन करायचं, खोक्यात ठेवायचा. संध्याकाळी थप्पी दिसते, मॅडम. आज एवढं झालं, हे डोळ्यांनी दिसतं. सात वर्षांत मला संध्याकाळी कधी काही दिसलं नव्हतं." मग तो म्हणाला, "परदेशी गिऱ्हाइकाचे इंग्रजी कागद तिथं कोणाला नीट लागत नाहीत. मला लागतात. म्हणून ते मला कायमचं घेतायत. पण रविवारी दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं. नाहीतर त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे."

"मग जा ना. अडलंय कुठे?"

"जाणारच. पण घरून करतोय म्हणून नाही जायचं. तोंडानं सांगून जायचंय. सरांना, आणि आईला. आई गावात मला साहेब म्हणते, मॅडम. परीक्षा द्यायच्या आधीपासून."

मी म्हणाले, आत्ताच सांगून टाक. आणि तो खरेच वळून केबिनकडे चालू लागला. मी मागोमाग गेले. माझेही काम होते, खोडलेल्या पानाच्या नव्या प्रती काढायच्या होत्या.

"सर, एक सांगायचं होतं," योगेश म्हणाला.

"मलाही. बस." सरांनी टेबलावरून एक छापील कार्ड त्याच्यापुढे सरकवले. "रविवारी सकाळी दहाला. आपल्याकडेच. 'जिद्द गौरव'. शाल, श्रीफळ, मानपत्र. सात वर्षं, अकरा परीक्षा, एक दिवस खाडा नाही."

"डिसेंबरात पंधरा दिवस नव्हतो, सर."

"ते मेडिकल धरू."

"पण सर, मी कुठंच पास झालेलो नाही."

"म्हणूनच!" सर माझ्याकडे वळले, असे बोलताना त्यांना साक्षीदार लागत असे. "पास झालेल्यांचे सत्कार गल्लोगल्ली चालू आहेत, मॅडम. त्यांना बघून पोरं खचतात. याला बघून धीर येतो."

योगेशने कार्ड उलटे करून टेबलावर ठेवले. "सर, मी सोडतोय."

"असं प्रत्येकाला एकदा वाटतं. मलाही वाटलं होतं."

"तुम्ही सोडलंच होतं, सर."

सरांनी उलटे कार्ड पुन्हा सुलटे केले.

"मी दिशा बदलली," खंडेराव सर म्हणाले. "आणि आईंना मी फोन केलाय. पहिल्या गाडीनं येतायत. केवढ्या खूश झाल्या! आता तूच सांग, म्हातारीला फोन करून काय कळवू?"

योगेश उठून बाहेर गेला. कार्ड टेबलावर राहिले. सर मला म्हणाले, "मानपत्र तुम्ही लिहा. मराठीतल्या आहात, जरा वजनदार होऊ द्या."

मी नाही म्हणायला हवे होते. पण मानपत्र हा आपल्या भाषेतला मोठा मोहक सापळा आहे. त्यात खरे-खोटे तपासायची सक्ती नसते, फक्त लय सांभाळायची असते. शनिवारी दुपारी मी लिहिले: 'हे अविचल साधका, काळाचा प्रवाह दोन्ही अंगांनी वाहून जात असता आपण मधोमध निश्चल राहिलात.' पुन्हा वाचताना लक्षात आले, की हे गोदावरीतल्या कुठल्याही खडकाला लागू पडेल. तरी खोडले नाही. वाक्य चांगले झाले होते.

रविवारी दहाच्या आधीच कुसाबाई येऊन बसली होती. योगेशची आई. नवे हिरवे लुगडे, पायांत पोराने कधीतरी घेऊन दिलेले बूट, मांडीवर पिशवी. टेबले भिंतीला लावून समोर सतरंजी घातली होती. तिने मला जवळ बोलावले.

"तूच का बाई इंग्रजी शिकवती?"

"हो, आजी."

"मंग झाला का माझा साहेब?"

"अजून नाही."

"नाय? मंग शाल कशाची?"

खंडेराव सर पाठीमागून लगबगीने आले. "आई, ही त्याच्या आधीची पायरी आहे."

"आसं व्हय," ती म्हणाली. पण नजर माझ्यावरच होती. ती नजर सोडवून घेत मी खिडकीकडे गेले.

खिडकीशी योगेश आणि झीशान उभे होते. योगेशच्या पायाशी कपड्यांची बॅग. रात्री आईला सांगायला त्याने दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा तिने त्याला बोलू न देता गावातल्या कोणाकोणाला आमंत्रण सांगितले ते ऐकवले होते. झीशानची मोटारसायकल खाली तयार होती.

"भाई, इथून वणी म्हणजे घाईनं गेलो तरी तासाच्या वर," झीशान म्हणाला. "पावणेअकराला निघालो तर पोचवतो. नंतर विमान बघ."

पावणेअकराला प्रमुख पाहुणे आले. ते एक निवृत्त अधिकारी होते आणि त्याआधी सिडकोत दुसरा सत्कार आटोपून आले होते. त्या सत्काराची गुलाबपाकळी अजून त्यांच्या कॉलरला चिकटलेली होती. त्यांनी वीस मिनिटे न हरण्याविषयी भाषण केले. मग मी मानपत्र वाचले. 'निश्चल राहिलात' या शब्दांवर टाळ्या पडल्या. योगेशच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि भिंतीवरची लाल अक्षरे पाठीशी नीट दिसावीत म्हणून छायाचित्रकाराने त्याला दोन पावले डावीकडे सरकवले. सव्वाअकरा वाजून गेले होते.

"दोन शब्द," सर म्हणाले आणि माइक त्याच्या हातात दिला.

योगेशने घसा साफ केला. "मी परीक्षा सोडतोय," तो म्हणाला. "आजपासून. वणीला पॅकहाउसमध्ये कामाला लागतोय. सर्वांचे आभार."

खंडेराव सरांनी हसत माइक काढून घेतला. "बघा! नोकरी सांभाळून अभ्यास करणार! ह्याला म्हणतात जिद्द!"

टाळ्या झाल्या.

योगेशने माइक परत घेतला. ओढूनच घेतला. "नोकरी सांभाळून नाही. अभ्यास बंद. पुस्तकं ज्याला हवी त्यानं न्यावीत. मी थकून सोडत नाहीये, मला ते काम आवडतं. पण सोडतोय, हे नक्की."

या वेळी टाळ्या अधिक मोठ्या होत्या. मागून कोणीतरी शिटी मारली. "काय विनय आहे!" पाहुणे शेजारच्याला म्हणाले. आणि त्या कडकडाटात मला कळले, की या खोलीत एक अर्थ खरोखरच उरलेला नाही. माणूस तो उच्चारू शकतो, पण तो कोणाच्या कानात शिरत नाही. हिरव्या पेनाने एका आडव्या रेघेत केवढे काम केले होते. आणि त्या कामावर माझ्या मानपत्राने रंधा फिरवला होता.

योगेश माइक खाली ठेवून आईसमोर येऊन उकिडवा बसला.

"आई, मी साहेब होणार नाय. सांगायचं राहत होतं. आता सांगतो."

कुसाबाईने त्याच्याकडे पाहिले.

"मंग मी गावात काय सांगू?"

"सांग, कामाला लागला."

"कामाला तर सगळेच लागत्यात."

त्याने खांद्यावरची शाल काढून घडी केली, नारळ त्या घडीवर ठेवला, दोन्ही सतरंजीवर सोडून बॅग उचलली. झीशान आधीच जिना उतरत होता. खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि सिन्नर फाट्याकडून येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नमध्ये विरून गेला.

खंडेराव सरांचे कौतुक केले पाहिजे. रिकाम्या झालेल्या व्यासपीठाकडे ते जेमतेम दोन श्वास पाहत राहिले. मग त्यांनी सतरंजीवरची शाल उचलून झटकली. "आणि आता," ते म्हणाले, "जिने हा हिरा घडवला, त्या मातेचा सत्कार!"

कुसाबाईला दोघांनी धरून उठवले. तिच्या हिरव्या लुगड्यावर तीच शाल आली, हातात तोच नारळ. छायाचित्रकाराने तिलाही दोन पावले डावीकडे सरकवले. "आई, पोरांना दोन शब्द सांगा," असे म्हणत सरांनी माइक तिच्या तोंडापाशी धरला.

ती माइकशी न बोलता सरांशीच बोलली. माइकने ते सगळ्यांना ऐकवले.

"माझा पोरगा आत्ता सगळ्यांदेखत सांगून गेला. सोडलं म्हनून. दोनदा सांगितलं त्यानं. तुमाला आयकू नाय आलं का?"

सर हसले. "आई, तो भावनेच्या भरात—"

"भरात नाय. मी वळखती त्याला. मला आवडलं नाय ते. लय राग आलाय. पन मी आयकलं." ती सतरंजीकडे वळली. "तुमी एवढी शिकल्याली पोरं. तुमी टाळ्या कशाला वाजिवल्या?"

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, आरोही तिचे नाव, पाच वर्षे तिथे बसणारी, मान खाली घालून नखाने सतरंजीचा धागा उसवत होती. तेवढ्यात खालच्या दुकानात रविवार असूनही कोणीतरी पंप चालू केला आणि फरशी थरथरू लागली.

कुसाबाईने नारळ टेबलावर ठेवला. शाल ठेवली. मग मला विचारले, "बाई, वणीची गाडी कुठून मिळंल?"

"आज कशाला, आजी? जेवण आहे इथं. मग चांदवडला—"

"चांदवडला काय करू? तिकडं जाऊन पयले त्याच्या दोन थोबाडीत देती. आईला शेवटाला सांगतो व्हय? मंग बघू."

मी तिला रिक्षात घालून नाशिकच्या स्टँडवर नेले. वाटेत ती एकदाच बोलली. द्राक्षांच्या कामात ऊन लागते का, हे विचारले. मी म्हणाले, आत थंड असते. "थंड," ती पुटपुटली, जणू हीही तक्रारीचीच बाब होती.

वणीची गाडी लागलेली होती. मी तिला खिडकीशी जागा पाहून दिली आणि खाली उभी राहिले. तेवढ्यात फोनवर खंडेराव सरांचा निरोप आला: 'मानपत्र उत्तम झाले. नाव तेवढे बदलून ठेवा. आरोहीची पाच वर्षे पूर्ण. पुढच्या रविवारी घेऊ.' मी निरोप दोनदा वाचला. मजकुरात नाव आणि 'साधका'चे 'साधिके' एवढ्याखेरीज काहीच बदलावे लागणार नव्हते, हे त्यांनी अचूक हेरले होते. माझ्या लिखाणाचे इतके नेमके परीक्षण आजवर कोणी केले नव्हते. मी लिहिले, 'नाही. बुधवारपासून येणारही नाही.' पाठवताना लक्षात आले, की मी हे तोंडाने न सांगता, घरून करायच्या बेतात होते.

लगेच योगेशचा फोन आला. पाठीमागे खोकी ओढल्याचा आवाज होता. "मॅडम, पाऊण वाजता पोचलो. इथले साहेब चिडलेत. बारा वाजताच दुसऱ्याला घेतलं त्यांनी. कागदांचं काम त्याच्याकडे गेलं. मला म्हणाले, खोकी भरणार असशील तर राहा."

"मग?"

"राहिलो."

खिडकीतून कुसाबाई वाकून पाहत होती. "काय म्हनतो?"

सांगावे की नाही, असे क्षणभर वाटले. मग जे होते ते सांगितले: उशीर झाला, चांगली जागा गेली, खोकी भरायला लागला.

"लागला? आजच?"

"आत्ताच."

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडवले.

"मंग आता मारून काय उपेग," ती म्हणाली. पण गाडी सुटली तरी ती खाली उतरली नाही.